वाचकांचे प्रश्न : मुलाची कार सीट गाडीतून काढताना

मागील अंकात या सदरातून लहान मुलांची कार सीट गाडीत कशी बसवावी याची माहिती दिली होती. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून जी पत्रे आली, त्यांत बसवण्याविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. जवळजवळ सगळ्यांची अडचण सीट काढण्याची आहे. दुकानातला माणूस सीट बसवून दाखवतो, काढून क्वचितच दाखवतो, त्यामुळे हे साहजिकच म्हणावे लागेल. त्यांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमची गाडी विकली आहे आणि पुढच्या आठवड्यात ती नव्या मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. मागच्या आसनावर मुलीची आयसोफिक्सची सीट आहे, ती बसवल्यापासून अडीच वर्षे जागची हललेली नाही. काल काढायला गेलो तर डावी बाजू सुटली, उजवी मात्र काही केल्या सुटत नाही. बटण दाबले जाते, पण पकड तशीच राहते. पतीचे म्हणणे आहे की स्क्रूड्रायव्हर घालून आतला खटका उचलावा. तसे करावे का?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : स्क्रूड्रायव्हर कृपया घालू नये. आतला खटका वाकला तर सीट आज सुटेलही, पण पुढे ती दुसऱ्या गाडीत बसवल्यावर पकड पूर्ण लागली आहे की नाही याची खात्री कोणालाच देता येणार नाही.

सीट का अडकली आहे हे आधी समजून घेतले तर ती काढणे अवघड राहत नाही. आयसोफिक्स ही पद्धत आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९९ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केली. गाडीच्या मागच्या आसनाची बैठक आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत, गाडीच्या सांगाड्याला पक्क्या जोडलेल्या दोन पोलादी दांड्या असतात. प्रत्येकीची जाडी ६ मिलिमीटर आणि दोहोंमधले अंतर २८० मिलिमीटर. सीटच्या मागून निघणाऱ्या दोन भुजांच्या टोकाचे जबडे या दांड्यांना धरतात. सीट बसवताना आपण ती पाठीकडे जोर लावून दाबतो, तेव्हा आसनाचा फोम दबतो आणि त्यानंतर तो फोम सीटला सतत बाहेरच्या दिशेने ढकलत राहतो. म्हणजे जबड्याचा खटका दांडीवर ताणून बसलेला असतो. पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कडी जशी दार आत दाबल्याशिवाय सरकत नाही, तसाच हा प्रकार आहे. आपण बटण दाबता दाबता सीट आपल्याकडे ओढत असाल, तर ताण वाढतो आणि खटका आणखी घट्ट बसतो.

तेव्हा क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मुलीला गाडीबाहेर, दुसऱ्या कोणाजवळ ठेवावे. सीटच्या डोक्याकडून मागे जाणारा टॉप टेदरचा पट्टा असेल तर सर्वांत आधी तो सैल करावा. हॅचबॅक गाडीत त्याचा हूक बहुधा आसनाच्या पाठीमागे किंवा डिकीच्या तळाशी, तर सेदानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर अडकवलेला असतो. हूक तसाच ओढून काढण्याची घाई करू नये. पट्ट्यावरच्या बकलचे बटण दाबून किंवा ते बकल तिरपे करून पट्ट्याला ढील द्यावी, की हूक बोटांनी सहज निघतो. डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे तिथे हात पोहोचत नसेल, तर मागच्या आसनाची पाठ पुढे कलंडवण्याच्या फंदात न पडता, पट्टा वरून सैल करून मग हूकपर्यंत हात घालावा. सीटला पुढच्या बाजूला जमिनीवर टेकणारा आधारपाय असल्यास त्याची उंची कमी करून तो दुमडून घ्यावा.

आता मुख्य काम. आपली डावी भुजा सुटलेली असल्यामुळे सीट थोडी तिरपी झाली असणार आणि उजव्या जबड्यावर आडवा ताण येत असणार. म्हणून सुटलेली बाजू पुन्हा मागे ढकलून दोन्ही भुजा एका रेषेत आणाव्यात. मात्र डावा जबडा दांडीवर पुन्हा लागू देऊ नये. मग गुडघा सीटच्या बैठकीवर ठेवून शरीराचे वजन गाडीच्या आसनाच्या पाठीकडे टाकावे आणि ते वजन तसेच ठेवून उजव्या बाजूचे बटण दाबावे. आसनाची पाठ मागे कलण्याची सोय असेल, तर ती एक-दोन खाचा मागे घेतल्यानेही फोमचा दाब उतरतो. ताण उतरला की खटक्याचा आवाज येतो आणि हिरवी खूण लाल होते. बटण दाबायची तऱ्हा सगळ्या सीटमध्ये सारखी नसते. काहींत एकेका बाजूला वेगळे बटण असते, काहींत एकाच बाजूला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात, तर काहींत समोरचा एकच पट्टा किंवा दांडा ओढला की दोन्ही बाजू सुटतात. त्यामुळे पुस्तिका पाहावी. ती हरवली असल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या नावाने ती बहुधा मिळते.

अडीच वर्षांत बिस्किटाचे तुकडे, चिवड्यातले दाणे, चौपाटीची वाळू, सुकलेला फळांचा रस असे बरेच काही जबड्यात जाऊन बसलेले असू शकते. अरुंद नळीच्या व्हॅक्यूम क्लीनरने ते ओढून घ्यावे, जुन्या दात घासण्याच्या ब्रशने झाडावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा फवारा मात्र मारू नये. तेलावर धूळ चिकटून खटका पुढे अधिकच अडखळतो, आणि आतल्या प्लॅस्टिकच्या भागांवर त्याचा काय परिणाम होईल हे उत्पादकाखेरीज कोणी सांगू शकत नाही. एवढे करूनही पकड सुटली नाही तर गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे. बऱ्याच गाड्यांत मागच्या आसनाची बैठक उचलता येते. ती उचलली की दांडी आणि जबडा दोन्ही उघड्यावर येतात आणि अवजाराविनाच काम होते. हे घरी करण्यापेक्षा त्यांच्याकडून करून घेतलेले बरे, कारण बैठकीखाली वायरिंग असू शकते.

सीट निघाल्यावर आसनावर खोल खळगे दिसतील आणि नवे मालक त्याविषयी विचारतील. कापडी आसनाचा फोम काही दिवसांत बऱ्यापैकी पूर्ववत होतो. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके त्यावर काही वेळ ठेवून मग पंख्याखाली वाळवल्यास कापड लवकर वर येते. चामड्यावर मात्र हा उपाय करू नये. फटीत बसवलेले प्लॅस्टिकचे मार्गदर्शक तुकडे सीटसोबत आले असतील तर ते काढून आपल्याकडे ठेवावेत, कारण ते सीटचे आहेत, गाडीचे नव्हेत. हेडरेस्ट काढून माळ्यावर ठेवले असेल तर तेवढे आठवणीने परत लावून द्यावे. मागच्या टकरीत मानेचे रक्षण तेच करते.

प्रश्न : नातवाची सीट आमच्या गाडीत सीट बेल्टने बांधलेली आहे. मुलगा-सून परदेशी गेल्यामुळे आता ती काढायची आहे. बेल्टचे बकल सीटच्या खाली इतके आत गेले आहे की बोट पोहोचते पण लाल बटण दाबले जात नाही. बेल्ट ओढावा तर तो जागीच अडकतो. वय ७१ आहे, फार जोर लावणे जमत नाही.
(एक आजोबा, नेरूळ)

उत्तर : आजोबा, येथे जोर लावायची गरजच पडू नये. बकल उघडत नाही याचे कारण बेल्ट ताणलेला आहे. बेल्टने बांधलेल्या सीटच्या बगलेला बहुधा एक चिमटा असतो, जो बेल्टला घट्ट धरून ठेवतो; आधी तो उघडावा. मग सीटच्या बैठकीवर दोन्ही तळहात टेकवून वजन सरळ खाली टाकावे. आसनाचा फोम दबला की बेल्टला थोडी ढील मिळते आणि नेमक्या त्या क्षणी दुसऱ्याने बकलचे बटण दाबावे. हे काम एकट्याने करण्याचे नाही. सोसायटीतल्या एखाद्या तरुणाला वजन टाकायला सांगावे आणि बटण आपण दाबावे, म्हणजे आपल्याला वाकून जोर लावावा लागणार नाही.

बेल्ट ओढल्यावर अडकतो, कारण झटका बसला की गुंडाळी बंद व्हावी अशीच तिची रचना असते. थोडा बेल्ट आत जाऊ द्यावा आणि मग सावकाश बाहेर काढावा. काही गाड्यांत आणखी एक सोय असते : बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की त्यानंतर तो फक्त आत जातो, बाहेर येत नाही. आपल्या गाडीत तसे असेल तर बकल सुटल्यावर बेल्ट शेवटपर्यंत आत जाऊ द्यावा. तो पूर्ण गुंडाळला गेला की कुलूप आपोआप निघते. अर्धवट आत गेलेला बेल्ट पुन्हा पुन्हा ओढत राहिल्याने काही साधत नाही, फक्त हात दुखतो.

बकल सोडण्यापूर्वी बेल्टचा मार्ग दाखवणारे दोन-तीन फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत. युरोपीय आर४४ नियमाप्रमाणे बनलेल्या सीटवर बेल्ट जाण्याच्या जागी रंगखुणा असतात. मूल मागे तोंड करून बसते तेव्हाचा मार्ग निळ्या रंगाने आणि पुढे तोंड करून बसते तेव्हाचा लाल रंगाने दाखवलेला असतो. भारतातला एआयएस-०७२ हा नियमही त्याच धर्तीचा आहे. तरीही नातू सुट्टीत येईल तेव्हा खुणांपेक्षा फोटोच जास्त उपयोगी पडतात, असे आमचे मत आहे.

सीट निघाल्यावर तो सीट बेल्ट मोठ्या माणसासाठी नीट चालतो का हेही पाहावे. महिनोन्महिने एकाच जागी ताणलेला बेल्ट दुमडलेला किंवा पिळलेला राहतो. पूर्ण बाहेर ओढून, पीळ काढून तो आत सोडावा, झटका देऊन तो अडतो का बघावे आणि बकल दोन-तीनदा लावून-सोडून पाहावे.

प्रश्न : माझी बाळाची सीट पुढच्या आसनावर मागे तोंड करून बसवली होती आणि त्यासाठी पुढची एअरबॅग किल्लीने बंद केली होती. आता सीट मागे हलवली आहे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा अजून दिसतो. गाडीत बिघाड आहे का?
(एक वाचक, सानपाडा)

उत्तर : बिघाड नाही; एअरबॅग अजून बंदच आहे. इंजिन बंद ठेवून त्याच किल्लीने ती सुरू करावी आणि मग इग्निशन चालू करून दिवा गेला का पाहावा. तोवर पुढे मोठ्या माणसाला बसवू नये. पुन्हा कधी मागे तोंड करणारी सीट पुढे लावायची वेळ आली, तर क्रम उलटा : आधी एअरबॅग बंद, मग सीट. एअरबॅग बंद करण्याची सोयच नसलेल्या गाडीत अशी सीट पुढे कधीही लावू नये.

प्रश्न : पुण्याला लग्नाला जायचे आहे. आम्ही दोघे, सासू-सासरे आणि दोन वर्षांचा मुलगा. त्याची सीट मागची बरीच जागा घेते, म्हणून सासूबाईंचे म्हणणे आहे की ती काढून घरी ठेवावी आणि त्याला त्या मांडीवर घेतील. एवढ्या एका प्रवासापुरते चालेल का?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : चालणार नाही, आणि ते सासूबाईंना सांगणे आपल्याला जड जात असेल तर हे उत्तर त्यांना वाचायला द्यावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा साधनाने बांधलेले नसेल तर गाडी चालवणाऱ्याला १००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा हिशेब महत्त्वाचा. द्रुतगती मार्गावर गाडी कशावर तरी आदळून थांबताना वेग कमी होण्याचे प्रमाण गुरुत्वाकर्षणाच्या २० पट असेल, तर १२ किलोच्या मुलाला धरून ठेवण्यासाठी २४० किलो वजन पेलण्याएवढे बळ लागते. आजीच्या हातांत कितीही माया असली तरी तेवढे बळ कोणाच्याच हातांत नसते. आजी आणि नातू दोघांना एकाच बेल्टमध्ये बांधणे तर त्याहून वाईट, कारण त्या वेळी आजीच्या शरीराचा भार बेल्टमधून नातवावर पडतो.

मात्र आपली मूळ अडचण खरी आहे, आणि तिचे उत्तर सीट काढण्यात नसून हलवण्यात आहे. आपण पाच जण आहात आणि गाडीत पाच जागा आहेत. सासऱ्यांना पुढे बसवावे. मागे एका कडेला मुलाची सीट ठेवावी आणि सासूबाईंना दुसऱ्या कडेची जागा द्यावी, म्हणजे उतरताना दार त्यांच्याजवळ राहील. मधली जागा आपण घ्यावी. सध्या सीट डाव्या दाराशी असेल आणि त्यामुळे सासूबाईंना रस्त्याच्या बाजूने, वाहनांच्या रहदारीत उतरावे लागत असेल, तर ती उजवीकडे हलवता येते. आयसोफिक्सच्या दांड्या बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही कडांना असतात, मधे नसतात, त्यामुळे मधली जागा सुचवत नाही. हलवण्याचे काम आदल्या दिवशी दिवसाउजेडी करावे. पहाटे निघायच्या गडबडीत, स्टिल्टमधल्या अपुऱ्या उजेडात एक जबडा नीट लागला नाही तर लक्षात यायचे नाही.

कळंबोलीवरून द्रुतगती मार्गाला लागण्याआधी एकदा सीटच्या तळाशी, बेल्टच्या किंवा दांडीच्या जवळ धरून ती हलवून पाहावी. तिथे सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. वरच्या टोकाला धरून हलवल्यास ती थोडी हलणारच. त्यावरून घाबरू नये.

मूल गाडीत नसेल तेव्हा सीट काढावीच लागते असेही नाही, पण ती बांधलेलीच राहिली पाहिजे. काढून मागच्या आसनावर नुसती टाकून ठेवलेली रिकामी सीट जोराच्या ब्रेकला पुढच्या माणसाच्या डोक्यावर येऊ शकते. काढली तर डिकीत, आणि तिथेही सामानाने अडवून ठेवावी.

प्रश्न : जावयांनी अमेरिकेतून येताना नातीची सीट आणली होती. तिचे हूक आपल्या आयसोफिक्ससारखे कडक नसून पट्ट्याला लटकलेले आहेत. आता ते परत जाणार आहेत आणि सीट सोबत न्यायची आहे. ती काढायची कशी आणि विमानात नेता येईल का?
(एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : अमेरिकेत सप्टेंबर २००२ पासून नव्या गाड्यांत जी खालच्या दोन दांड्यांची पद्धत सक्तीची झाली, ती आयसोफिक्सशी मिळतीजुळती असली तरी तिथल्या बऱ्याच सीटच्या भुजा कडक नसतात, पट्ट्याच्या असतात. म्हणून तिथे आधी पट्टा सैल करावा लागतो. पट्ट्याच्या मधल्या बकलचे बटण दाबून धरावे, सीट पाठीकडे ढकलून पट्ट्याला ढील द्यावी आणि मग हूक काढावा. हूक दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात बटण असते. दुसरा साध्या आकड्यासारखा असतो, तो आतल्या बाजूला ढकलून फिरवावा लागतो, सरळ ओढून निघत नाही. बहुतेकांचे बिनसते ते या दुसऱ्या प्रकारात. वरचा टेदर याही सीटला असतो आणि तोही आधीच सैल करायचा असतो. काढलेले हूक सीटवर त्यांच्यासाठी असलेल्या जागेत अडकवून ठेवावेत, नाहीतर सामानाच्या पट्ट्यावर ते कुठेतरी गुंततात.

सीट सोबत नेण्याचा त्यांचा विचार योग्य आहे. अमेरिकेत वापरायची सीट तिथल्या संघीय मोटार वाहन सुरक्षा मानक २१३ ला उतरलेली असावी लागते. आपल्याकडे विकत घेतलेली, केवळ भारतीय किंवा युरोपीय नियमाची सीट तिथे चालत नाही. विमानात आसनावर बांधून न्यायची असेल तर सीटवर मोटारीत आणि विमानात वापरण्यास प्रमाणित असल्याचे इंग्रजी वाक्य लाल अक्षरांत छापलेले असते, ते शोधावे. आणि नातीसाठी वेगळे तिकीट काढलेले असावे. तरीही विमान कंपनीला आधी विचारून घेणे आवश्यक आहे, कारण आसनाच्या रुंदीचा प्रश्न येतो. सामानात द्यायची असल्यास मूळ खोक्यात, चारही बाजूंनी कपडे भरून द्यावी आणि उतरल्यावर कवचाला तडा गेला आहे का हे विमानतळावरच पाहावे. आपटलेली सीट वरून धडधाकट दिसू शकते.

प्रश्न : खंडाळ्याच्या घाटात मुलगी सीटवर ओकली. सीट काढून धुवायची आहे, पण पट्टे ओवून काढायची भीती वाटते. शिवाय जुलै महिना, काही वाळतच नाही.
(एक वाचक, खारघर)

उत्तर : भीती योग्य आहे आणि बहुतेक वेळा पट्टे ओवून काढण्याची गरजही नसते. सीट गाडीतून बाहेर काढून गॅलरीत घ्यावी, आधी ओले फडके फिरवून ओकारी पुसून घ्यावी आणि मग कापडी आवरण काढावे. ते हुकांनी, इलास्टिकने किंवा टिचबटणांनी लावलेले असते. प्रत्येक पायरीला फोटो घ्यावा. आवरण पुस्तिकेत सांगितले असेल तसेच धुवावे. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे मात्र मशीनमध्ये घालू नयेत, पाण्यात बुडवून ठेवू नयेत, ब्लीच किंवा डाग काढणारे द्रावण लावू नये आणि इस्त्रीही करू नये. त्या पट्ट्यांचे धागे टकरीच्या वेळी ठरावीक ताण सोसण्यासाठी विणलेले असतात आणि रसायनांनी ते कमकुवत होतात, वरून मात्र नवेच दिसतात. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने ते पुसावेत, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, एवढे पुरे.

बकलमध्ये ओकारी गेली असेल तर ते उलटे धरून वरून कोमट पाणी सोडावे, बटण काही वेळा दाबावे आणि पाणी निथळू द्यावे. त्यातही साबण किंवा तेल नको. लावताना स्पष्ट ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. तो येत नसेल तर बकलमध्ये अजून कण अडकलेले आहेत आणि मुलीला त्या सीटवर बसवू नये.

खारघरच्या जुलैत वाळवणे हेच खरे काम आहे. आवरण आणि कवच वेगवेगळे ठेवून पंख्याखाली ठेवावे, शक्य असल्यास एसीच्या खोलीत. कवचाच्या आत पांढरा किंवा काळा थर्मोकोलसारखा फोम असतो; त्याच्या कडांमध्ये ओल राहते आणि तिथूनच बुरशी धरते, म्हणून तो भाग बोटाने चाचपून पाहावा. केस वाळवायचे यंत्र गरम हवेवर त्याच्याजवळ धरू नये. ओल असताना आवरण परत चढवल्यास गाडीतला कुबट वास पितृपक्षापर्यंत जात नाही. वाळेपर्यंत गाडीने जायचेच असेल तर शेजाऱ्यांकडून तात्पुरती सीट घ्यावी, पण ती मुलीच्या वजन-उंचीला बसते का हे आधी पाहून.

धुऊन परत बसवताना एक चूक वारंवार होते : खांद्याचे पट्टे मागे ज्या लोखंडी पट्टीला अडकतात, तिथे एक पट्टा वर आणि एक खाली लागतो, किंवा आवरणाच्या भोकातून येताना त्याला पीळ पडतो. म्हणून मुलीला बसवण्याआधी सीटच्या मागून पाहावे.

प्रश्न : पाम बीच रोडवर सिग्नलला थांबलेलो असताना मागून गाडीने हलकासा धक्का दिला. बंपर चेपला. मुलगा तेव्हा सीटमध्ये नव्हता. गॅरेजवाला म्हणतो सीट ठीक आहे. ती काढून टाकावी की वापरावी? आणि काढली तर तिचे काय करावे?
(एक वाचक, बेलापूर)

उत्तर : याविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने दिलेले निकष उपयोगी आहेत. अपघातानंतर गाडी चालवत नेता आली, सीटजवळच्या दाराला इजा झाली नाही, गाडीतल्या कोणालाही दुखापत झाली नाही, एअरबॅग असल्यास ती उघडली नाही आणि सीटवर नुकसानीची खूण दिसत नाही, या पाचही गोष्टी खऱ्या असतील तर तो धक्का किरकोळ मानला जातो आणि सीट बदलणे अपरिहार्य ठरत नाही. यांतील एकही खोटी ठरली तर सीट बदलावी. मात्र काही उत्पादक कोणत्याही अपघातानंतर सीट बदलायला सांगतात. आपल्या पुस्तिकेत तसे लिहिले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे, गॅरेजवाल्याचे नव्हे. तो बंपरचा जाणकार आहे, सीटचा नाही. सीटचा खर्च विमा दाव्यात धरता येतो का हेही विमा कंपनीला विचारून पाहावे.

पत्रातल्या वर्णनावरून आपला धक्का किरकोळ दिसतो, पण खात्रीसाठी सीट एकदा काढून उजेडात पाहावी. कवचाच्या तळाशी आणि भुजा जिथे कवचाला मिळतात तिथे पांढरट रेघा उमटल्या आहेत का ते बघावे; ताणलेले प्लॅस्टिक तडा जाण्यापूर्वी तसे पांढरे पडते. तळाशीच उत्पादनाची तारीख आणि बऱ्याचदा वापराची मुदतही छापलेली असते. मुदत उत्पादकानुसार बहुधा ६ ते १० वर्षांची असते. ती उलटली असेल तर अपघाताचा विचार करायचे कारणच उरत नाही.

सीट बाद करायचे ठरले तर ती तशीच सोसायटीच्या कचराकुंडीशेजारी ठेवू नये. चांगली दिसणारी सीट भंगारवाल्याकडून पुसून-धुऊन विकली जाते आणि घेणाऱ्याला तिचा इतिहास कळत नाही. सगळे पट्टे कात्रीने कापावेत, आवरण काढून घ्यावे, कवचावर जाड पेनाने ‘अपघातग्रस्त, वापरू नये’ असे लिहावे आणि मग सुक्या कचऱ्यात द्यावी. सुस्थितीतली सीट नात्यात द्यायची असेल तर पुस्तिका, सगळे सुटे तुकडे आणि उत्पादनाची तारीख यांसह द्यावी आणि तिला कधी धक्का बसला होता का हे घेणाऱ्याला सांगावे.